डावीकडे कोण बसतं?

सांगली, विश्रामबाग
१६ नोव्हेंबर १९९६

चि. अवधूत यास ताईचा आशीर्वाद.

फोनच करणार होते, पण फोनवर तू आधी हसतोस आणि मग ऐकतोस. म्हणून लिहिते.

भाऊबीजेला तुझ्याकडे येताना सगळं नीट झालं. परत जाताना उंब्रजच्या पुढे अनीशने आमची मारुती उसाच्या ट्रॉलीवर मागून नेऊन घातली. भर दिवसा! ट्रॉली म्हणजे काही मांजर नव्हे, की अचानक आडवी आली. भिंतीएवढा ऊस समोर दिसत होता. मी शेजारीच बसले होते. सातारा सोडल्यापासून त्याला सांगत होते, हळू, डावीकडे घे, तो सायकलवाला बघ, हॉर्न दे, ब्रेक, अरे ब्रेक! इतकं सांगूनही त्याने धडक मारलीच. एक दिवा फुटला, बॉनेट दुमडलं. ट्रॉलीवाला उतरून आला आणि म्हणाला, "लागलं न्हाई न्हवं कुनाला?" आणि एक ऊस ओढून माझ्या हातात दिला. त्या उसाचं काय करावं ते मला कळेना. मागच्या सीटवर झोपलेले हे जागे झाले, पुढे त्यांनीच चाळीसच्या वर काटा न जाऊ देता गाडी सांगलीला आणली, आणि मी तो ऊस मांडीवर धरून बसले होते.

हसलास ना? आता ऐक. आमच्या कॉलनीतल्या नाथाजी मास्तरांचा मुलगा मे महिन्यात तासगावच्या रस्त्यावर अपघातात गेला. वीस वर्षांचा होता, लायसन नवीनच होतं. त्याची आई अजून अंगणात येत नाही. त्या दिवसापासून अनीशने किल्ली उचलली की मीही शेजारच्या सीटवर जाऊन बसते. हे म्हणतात, गाडी विकून टाकू. अनीश दोन दिवस जेवला नाही.

तुझं मोटार ट्रेनिंग स्कूल आहे. सुट्टी संपेपर्यंत त्याला ठेवून घे. एकतर त्याला नीट शिकव, नाहीतर मामा म्हणून स्पष्ट सांग की बाबा रे, हे तुझं काम नाही. माझं तो ऐकत नाही.

तुझी,
चारुताई


सातारा
१९ नोव्हेंबर १९९६

ती. सौ. ताईस अवधूतचा नमस्कार.

तुझा लेक एस.टी.ने सुखरूप पोचला. पहिल्या दिवशी तोंड उतरलेलं होतं, पण त्याच्या मामीने समोर शेंगदाण्याच्या पोळ्या ठेवल्यावर जरा सरळ झालं.

हसलो. फक्त उसाला हसलो, शपथ.

ताई, तुझ्या मुलाला गाडी चालवता येते. आपल्याकडे शिकवतात तेवढं सगळं येतं त्याला: क्लच, गिअर, रिव्हर्स, आरटीओच्या साहेबासमोर आठचा आकडा. पण गाडी घसरली तर काय करायचं, चाक डांबरावरून खाली साइडपट्टीवर उतरलं तर काय करायचं, हे पोरांना कुणी शिकवत नाही. ते शिकवायचं मी आणि लालासाहेबांनी यंदा मनावर घेतलंय. लालासाहेब म्हणजे उंब्रजचे, लष्करातून निवृत्त झालेले ड्रायव्हर. लडाखला बर्फावर ट्रक चालवलाय, आणि हे ते चहाच्या गाड्यावर अनोळखी माणसालाही सांगतात. रहिमतपूरजवळ एका बंद गिरणीचं मोठं फरशीचं आवार आम्हाला मिळालंय. तिथे माझी जुनी फियाट आणि पाच पोरं. चार मुलगे आणि एक मुलगी, कडेगावची संयोगिता. तिचे वडील फौजेत, घरी जीप आहे आणि ती चालवणारी घरात हीच.

सगळं शिस्तीत चालतं. थोडा सराव, थोडं पाणी वगैरे. काळजी करू नकोस.

अवधूत


(पोस्टकार्ड)
सातारा
२० नोव्हेंबर

ती. आईस नमस्कार. कार्डावर जागा कमी म्हणून थोडक्यात लिहितो. मजेत आहे. काल माझ्या हातून धोंडुबाई दोनदा गाडीखाली गेली. दुसऱ्यांदा तिचं डोकंच निघालं. मला फार वाईट वाटलं, पण लालासाहेब म्हणाले, "घाबरू नगंस गड्या, म्हातारी लय चिवट हाय. सांच्याला शिवून घिऊ." संयोगिताने तिला एकदाही धक्का लावला नाही. उद्या मामा मुद्दाम गाडी घसरवणार आहे आणि मी ती सावरायची आहे. बाबांना सांग की गाडी एवढ्यात विकू नका. जागा संप


सांगली
२३ नोव्हेंबर १९९६

अवधूत,

धोंडुबाई कोण?

तिच्या घरचे काय म्हणतात? पोलिसात कळवलं का? यांनी ते कार्ड तीनदा वाचलं. यांचं म्हणणं, डोकं निघालेल्या बाईला संध्याकाळी शिवता येत नाही, तेव्हा यात काहीतरी गफलत आहे. मलाही ते पटतं. पण पटून काय उपयोग? रात्रभर माझ्या डोळ्यांसमोर एक म्हातारी येत होती आणि तिला चेहरा नव्हता.

आणि "मुद्दाम गाडी घसरवणार" म्हणजे काय? मी मुलगा तुझ्याकडे सर्कशीत घातला नव्हता. थोडा सराव, थोडं पाणी वगैरे! तुझं "वगैरे" मला लहानपणापासून माहीत आहे. विहिरीवर जातो वगैरे म्हणायचास आणि पाय मोडून यायचास.

उलट टपाली उत्तर हवं.

चारुशीला


सातारा
२६ नोव्हेंबर १९९६

ती. सौ. ताईस,

नुसतं "चारुशीला" वाचलं आणि बसलेला उठून उभा राहिलो.

धोंडुबाई गवताची आहे. पोत्यात पेंढा भरून लालासाहेबांनी तिला बायकोचं जुनं लुगडं नेसवलंय, कपाळाला कुंकूही लावलंय. त्यांचं म्हणणं असं, की समोर नुसतं पिंप ठेवलं तर पोरं पिंप समजून चालवतात. ते मला म्हणाले, "अवधूतराव, पिंपाला आई-बाप न्हाईत. म्हातारी उभी केली की पायात आपसूक येतंय." आणि खरंच येतं. अनीशने पहिल्या दिवशी तिला उडवलं तेव्हा खाली उतरून तिचा पदर सारखा करत बसला होता पोरगा.

आता घसरवण्याचं. आम्ही फरशीवर साबणाचं पाणी ओततो. गाडी सायकलच्या वेगाने त्यावर आणायची आणि ब्रेक करकचून दाबायचा. चाकं जाम होतात, गाडी सरळ घसरत जाते, स्टिअरिंग कितीही फिरवा, वळत नाही. पहिल्यांदा सगळेच घाबरतात आणि ब्रेक आणखी दाबतात. लालासाहेब बाहेरून ओरडतात, "सोड! बरेक सोड रं! चाक फिरलं तरच गाडी वळती!" पाय ढिला केला की चाकं फिरू लागतात आणि गाडी ऐकते. हे सांगून कळत नाही, ताई. बुडाखालून गाडी निसटल्याशिवाय कळत नाही. ते इथे साबणावर कळलेलं बरं, की हायवेवर?

अनीशला हे चौथ्या दिवशी जमलं. साइडपट्टीवर उतरलेलं चाक झटका न देता वर आणणंही जमलं. त्याचे हातपाय उत्तम आहेत.

एकच गोष्ट आहे. गाडी चालवताना त्याची नजर सारखी डावीकडे जाते. लालासाहेब पहिल्या दिवसापासून एकच सांगतात, "नजर जाती तिकडं गाडी जाती." अडथळ्याकडे बघितलं की माणूस अडथळ्यावरच जातो, मोकळ्या वाटेकडे बघायचं. अनीशला हे समजतं, तरी नजर डावीकडे वळतेच. त्याचं कारण मला कळलंय. पण ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. भेटीत बोलू.

अवधूत


सांगली
२८ नोव्हेंबर १९९६

चि. अनीश,

मामाचं पत्र आलं. धोंडुबाई गवताची निघाली, देवाची कृपा. पुढच्या वेळी पाकीट वापर, कार्ड नको.

आता मी विचारते त्याचं सरळ उत्तर दे. मामा लिहितो की गाडी चालवताना तुझी नजर सारखी डावीकडे जाते आणि त्याचं कारण पत्रात लिहिण्यासारखं नाही. मी काही कालची पोर नाही. डावीकडे कोण बसतं?

संयोगिता नावाची मुलगी तुमच्यात आहे हे मला ठाऊक आहे. मुलगी चांगलीच असेल, फौजी घरातली आहे, आणि तिने धोंडुबाईला धक्का लावला नाही हे तूच कौतुकाने कळवलं आहेस. माझं काही म्हणणं नाही. पण प्रत्येक गोष्टीची एक वेळ असते, आणि चालत्या गाडीत तर नाहीच नाही. जे काही बघायचं असेल ते गाडी थांबवून बघावं.

हे अजून बाबांना बोलले नाही.

तुझी आई


सातारा
३० नोव्हेंबर १९९६

ती. आईस,

तुझं पत्र मी मामाला दाखवलं नाही, पण संयोगिताला दाखवलं. रागावू नकोस. ती पोट धरधरून हसली. म्हणाली, "काकूंना सांग, तुझ्या शेजारी बसायला मला जिवाची भीती वाटते." ती नेहमी मागे बसते.

शेजारी मामा बसतो. पण मी मामाकडे बघत नाही. मी बघतो ते तुझ्याकडे, आई. तू तिथे नसतेस, तरी.

आता लिहायला घेतलंच आहे तर पूर्ण लिहितो. त्या दिवशी उंब्रजच्या पुढे ट्रॉली मला बरीच आधी दिसली होती. ब्रेकवर पायही गेला होता. तेवढ्यात तू किंचाळलीस आणि माझा दंड धरलास. मला वाटलं तुलाच काहीतरी झालं. म्हणून मी तुझ्याकडे बघितलं. परत समोर बघेपर्यंत ऊस काचेवर आला होता. हे मी बाबांना सांगितलं नाही आणि तुलाही सांगणार नव्हतो. चूक माझीच आहे, स्टिअरिंग माझ्या हातात होतं. शेजारून काहीही ऐकू येवो, नजर रस्त्यावरून हलवायची नाही, हे मला तेव्हा कुणी शिकवलं नव्हतं. आता शिकतोय.

तू घाबरतेस याचा मला राग नाही. मास्तरांचा श्रीधर माझाही मित्र होता. पण तू शेजारी बसलीस की मला गाडीही सांभाळावी लागते आणि तुलाही. दोन्ही एकदम जमत नाही मला. इथे शेजारी मामा गप्प बसलेला असतो, तरी मी मध्येच डावीकडे बघतो, आता ओरडेल कुणीतरी म्हणून.

लालासाहेब म्हणतात, "आईला हिकडं आन." मी म्हटलं, ती येणार नाही. ते म्हणाले, "न येऊन कुनाला सांगती? दुरुस्ती दोघांची हाय, एकट्याची करून भागायचं न्हाई."

बघ, जमलं तर.

अनीश


सांगली
३ डिसेंबर १९९६

अवधूत,

अनीशचं पत्र आलं. तुला काय लिहायचं नव्हतं ते कळलं. मोठ्या बहिणीला एवढं भ्यायचं नसतं रे.

गाडी दुरुस्त होऊन आली आहे. यांना शुक्रवारी पुण्याला जायचं आहे. मला साताऱ्याला सोडून हे पुढे एस.टी.ने जातील. रविवारी मी अनीशबरोबर आमच्या गाडीने परत येईन. तो चालवेल.

लालासाहेबांना सांग, मी येते आहे. साबण जरा कमी ओता म्हणावं.

ताई


सातारा
८ डिसेंबर १९९६, रविवार

आदरणीय भावोजींना सप्रेम नमस्कार.

दुपारी जेवणं करून ताई आणि अनीश निघाले. हे पत्र पोचेल तेव्हा ते घरी असतील. तुम्ही पुण्याला होतात, आणि कालचा प्रकार ताई तुम्हाला पूर्ण सांगेल याची मला खात्री नाही. म्हणून लिहितो.

काल सकाळी ताई गिरणीवर आली ती देवळात आल्यासारखी चपला काढूनच. लालासाहेब म्हणाले, "आवं ताई, चपला असूं द्या, साबान हाय, पडाल." आधी त्यांनी तिला फियाटमध्ये डावीकडे बसवलं आणि स्वतः गाडी घसरवली. ताई किंचाळली. पुन्हा घसरवली, पुन्हा किंचाळली. गिरणीच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली ती परत आली नाहीत. मग लालासाहेब गाडी थांबवून म्हणाले, "ताई, तुमचा आवाज लय भारी हाय. फकस्त येळ चुकतीया. तुमी दगड पडल्यावर वरडताय. दगड दिसला की सांगा. आन काय दिसतंय त्येच सांगा. 'अगं आई' म्हणलं तर डायव्हरनं कुनीकडं बघायचं? 'डाव्या बाजूला सायकल हाय' म्हणा. त्यो लगेच ऐकंल."

मग तासभर सराव. अनीश गाडी चालवतोय, बाकीची पोरं मध्येच पिंप ढकलतायत, आणि ताई शेजारी बसून मोठ्याने सांगतेय: "उजवीकडून पिंप. समोर संयोगिता. डावी बाजू मोकळी." सुरुवातीला आवाज कापत होता. नंतर नंतर शाळेत हजेरी घेतल्यासारखं म्हणू लागली.

शेवटी लालासाहेबांनी तिला उजवीकडे बसवलं. गाडी तिने आयुष्यात चालवली नव्हती. आम्ही पहिला गिअर टाकून दिला आणि सांगितलं, एवढंच करा, धोंडुबाईला वळसा घालून या. वेग माणसाच्या चालण्याएवढा. शेजारी संयोगिता बसली. लालासाहेबांनी तिच्या कानात काहीतरी सांगितलं होतं. ताई छान निघाली. धोंडुबाई दोन गाड्यांच्या अंतरावर आली आणि संयोगिता एकाएकी किंचाळली, "अगं बाई! बघा, बघा! ब्रेक!" आणि ताईचा दंड घट्ट धरला.

ताईने वळून तिच्याकडे बघितलं. धोंडुबाई गाडीखाली गेली.

कुणीही हसलं नाही, भावोजी. मीसुद्धा नाही. ताईने स्टिअरिंग सोडलं. मग उतरली, धोंडुबाईला उचलून उभं केलं, तिचं लुगडं झटकलं. अनीश भिंतीपाशी उभा होता. ती त्याच्याजवळ गेली आणि म्हणाली, "एवढ्या वेळात बाळा तू ब्रेकवर पाय तरी नेला होतास. मला तेही सुचलं नाही." त्यावर तो म्हणाला, "आई, तू पहिल्यांदाच चालवतेयस." आणि मग मात्र दोघं इतकी हसली, की लालासाहेबांनी फटफटी काढून गावातून सगळ्यांसाठी भजी आणली.

गाडी विकण्याचं तुम्ही ठरवालच. मी फक्त झालं ते कळवलं.

आपला,
अवधूत


सांगली
१५ डिसेंबर १९९६, रविवार

चि. अवधूत यास खूप खूप आशीर्वाद.

पोचल्याचा फोन केला तेव्हा "प्रवास छान झाला" म्हटलं. खोटं नाही ते, पण अर्धंच आहे. उरलेलं आता सांगते.

इस्लामपूर सोडून आष्ट्याकडे निघालो होतो. अनीश पन्नासने चालवत होता. मी माझं काम करत होते: सायकलवाला, बैलगाडी, क्रिकेट खेळणारी पोरं. मध्ये तो म्हणाला, "आई, प्रत्येक बैल सांगायला नको." तेवढ्यात समोरून एस.टी. येत होती आणि तिच्या मागून एक ट्रक एकदम बाहेर आला, आमच्याच बाजूला. रस्ता तुला माहीत आहे, दोन गाड्यांपुरता. आणि गाड्या तीन.

किंचाळी माझ्या घशाशी आली होती. खरंच सांगते, दाताखाली धरली. डावीकडे बघितलं. तिकडे माणूस नव्हतं, झाड नव्हतं. मी म्हटलं, "डावी बाजू मोकळी आहे."

मी म्हटलं आणि गाडी तिकडे वळलीसुद्धा. डावी चाकं साइडपट्टीवर उतरली. तिथे उसाचं वाडं, तोडलेले हिरवे शेंडे पडले होते, पाटाच्या पाण्याने ओले. मागची बाजू एकदम सरकली, माझं डोकं खिडकीवर आपटलं. पण त्याने पाय ढिला केला, ते मला जाणवलं. स्टिअरिंग थोडंसं फिरवलं, झटका नाही काही नाही. ट्रक हॉर्न देत बाजूने निघून गेला, त्याचा वारा आत आला. आमची गाडी हळूहळू सरळ झाली आणि उसाच्या फडाला लागून उभी राहिली.

एस.टी.चा ड्रायव्हर पुढे जाऊन थांबला. धावत आला आणि खिडकीतून म्हणाला, "वाचलासा बगा! पोरगं लय हुशार हाय तुमचं." मी अनीशकडे बघितलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, आणि तो अजून समोरच बघत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा कुठे त्याने मान वळवली. म्हणाला, "तू ओरडली नाहीस." मी म्हटलं, "वेळच मिळाला नाही." आष्ट्याला चहा घेतला. मी पहिला कप एका दमात संपवला, तेव्हा हॉटेलवाल्याने न विचारता दुसरा आणून ठेवला.

हे त्याच रात्री पुण्याहून आले, तेव्हा यांना सगळं सांगितलं. हे उठले. मग टॉर्च घेऊन बाहेर गेले आणि गाडीभोवती दोनदा फिरून आले. आत येऊन एवढंच म्हणाले, "चारही टायर बदलायला झालेत." त्यावरून मी समजले, की गाडी विकायची नाही.

लालासाहेबांना माझा नमस्कार सांग. त्यांना हेही सांग, की आमच्या महिला मंडळात मी परवा शेजारी बसण्याचं व्याख्यान दिलं. माझ्यासारख्या सहाजणी निघाल्या. त्यांना घेऊन येऊ का? पण धोंडुबाईला जास्तीचा पेंढा लागेल.

पत्र फार लांबलं. खरं कारण सांगू? अनीश आज पहिल्यांदा एकटा गाडी घेऊन गेलाय. पलूसला मित्राच्या शेतावर हुरडा खायला. तिन्हीसांजेच्या आत येतो म्हणालाय. हे दारात खुर्ची टाकून बसलेत, पेपर उलटा धरून. मी म्हटलं, आपण खिडकीत उभं राहायचं नाही. अवधूतला पत्र लिहायला बसू. उसाचं लिहिलं, टायरचं लिहिलं, मंडळाचंही लिहून झालं. आता तुझ्या बायकोच्या तब्येतीची चौकशी करणार होते, पण यांनी पेपर खाली ठेवलाय आणि फाटकाकडे निघालेत.

तीच आहे, आमचीच गाडी. रिव्हर्समध्ये आत घेतोय. मी जाते.

तुझी,
ताई